ताईचं घड्याळ, सम तारखा सोडून

माझ्या ताईला घड्याळ दुरुस्त करता येत नाही. हातात चिमटा दिला तर ती त्याने पाठ खाजवेल. पण गेल्या पाच वर्षांत माझ्या दुकानात जी जुनी घड्याळं पुन्हा चालती झाली, त्यातली निम्मी तिच्यामुळे. जुन्या घड्याळाचं दुखणं बहुतेक वेळा साधंच असतं, औषध मात्र मिळत नाही. कारखाना चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेला, साचे भंगारात गेलेले, आणि गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून म्हणतंय, "एक चिमुकलं चाक तर हवंय, त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! ते चाक मोहरीएवढं असतं आणि जगात कुठल्या तरी एकाच डबीत पडलेलं असतं. ती डबी कुठे आहे, हे ताईला कळतं.

चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर महिनाभर घरी बसली आणि तेवढ्यात आम्हा सगळ्यांना वळण लावून मोकळी झाली. डबे उंचीप्रमाणे, मोजे जोडीप्रमाणे, मी वेळेप्रमाणे. शेवटी माझ्या बायकोने हात जोडले. "अहो, वन्संना दुकानात तरी न्या, नाहीतर मला तरी कुठेतरी पाठवा."

दुकानात नेल्यावर तिला कळलं की प्रत्येक घड्याळाच्या पोटात, चाकाखाली, यंत्राचा नंबर कोरलेला असतो. बस्स. टेलिफोनचे हजारो नंबर पाठ असणाऱ्या बाईच्या हाती घबाडच लागलं. वर्षभरात तिला इतके नंबर पाठ झाले की मी झाकण उघडून आकडा वाचला की ती मागून सांगायची, "हेच पोट त्या चौकोनी लेडीज घड्याळातही असतं. तोंड वेगळं, पोट एकच."

कुठलंही जुनं दुकान बंद होतंय असा वास लागला की ताई तिथे हजर. लोक वरचे खण दाखवतात. ती म्हणते, "खालचा उघडा. जो अडकतो तो." एकदा तिला एका घड्याळाचं चावी फिरवायचं बोंड चक्क एका बाहुलीच्या कोटावर सापडलं, गुंडी म्हणून शिवलेलं. बाहुलीची मालकीण सहा वर्षांची. अर्धा तास दोघींची बोलणी चालली. शेवटी चार खऱ्या गुंड्या आणि बाहुलीच्या कोटाला एक खिसा, यावर सौदा पटला. खिसा ताईने तिथेच बसून शिवला.

अशी ही बाई. आणि तिचंच घड्याळ बंद पडलं.

पहिल्या पगारातून घेतलेलं पुरुषी घड्याळ होतं ते. मनगटावरचा गजर. वेळ लावून ठेवली की भांड्याखाली कोंडलेल्या भुंग्यासारखं गुरगुरायचं आणि मनगटाला गुदगुल्या करायचं. अडतीस वर्षं तिने ते हातातून काढलं नाही. गेल्या वर्षी एका बंद होणाऱ्या दुकानात ती स्टुलावर चढून वरचा खण ओढत होती. खण आणि ताई एकदमच खाली आले. ताईला साधं खरचटलंही नाही. घड्याळ मात्र काउंटरच्या कडेवर आपटलं.

मी भिंग लावून पाहिलं. बॅलन्स, म्हणजे घड्याळाच्या पोटात मागेपुढे झुलणारं चाक, त्याचा दांडा मोडला होता आणि केसासारखी बारीक स्प्रिंग मांजराने लोकर विस्कटावी तशी झाली होती.

"नंबर?" ताईने विचारलं. तिला पाठ होता, तरी विचारलं.

"दोन-तीन-शून्य-आठ," मी म्हटलं.

मी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. या नंबरची यंत्रं मुळातच थोडी निघाली होती.

सात महिने ताईने शोधलं. जगाला भाग शोधून देणारी बाई आणि स्वतःच्या बाबतीत दिव्याखाली अंधार. पत्रं झाली, फोन झाले, अडकणारे खण झाले. एका म्हाताऱ्या दुकानदाराने "आहे, आहे" म्हणून तिला तीन तास बसने यायला लावलं आणि दाखवलं काय, तर दोन-तीन-शून्य-सहा. ती त्याला म्हणाली, "राँग नंबर," आणि परतीच्या बसमध्ये बसली.

शेवटी तिने एक कार्ड लिहून माझ्या दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं: गजराचं मनगटी घड्याळ, यंत्र २३०८, कसल्याही अवस्थेत, आत चौकशी करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, वाळकासा गृहस्थ दारात उभा राहिला. आत येण्याआधी त्याने दाराची बिजागरी वाकून पाहिली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग आत आला.

"दोन हजार तीनशे आठ तुमच्याकडे आहे?"

ताई खुर्चीतून उठली नाही, उडालीच. "आहे! तुमच्याकडे?"

"माझ्याकडेही आहे!"

"अरे वा!"

"वा, वा!"

दोघं एकमेकांकडे पाहून इतके हसले की मलाही उगाच हसू फुटलं. अर्धा मिनिट दुकानात नुसता आनंदीआनंद. मग ताई म्हणाली, "मग द्या."

"मी?" गृहस्थ म्हणाला. "मी घ्यायला आलोय."

त्याने खिशातून एक कार्ड काढलं. ते त्याला माझ्याच काचेवर लावायचं होतं. वर लिहिलं होतं: यंत्र २३०८, गजराची हातोडी हवी.

हा माणूस उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत आलेला, आता निवृत्त. त्याचं घड्याळ छान चालत होतं, पण गजराची हातोडी, जी आतून झाकणावर टकटक करते, ती कधीतरी कुठल्याशा दुरुस्तीत हरवलेली. ताईच्या घड्याळाची हातोडी शाबूत. काटे हाताने फिरवले की ते अजून गुरगुरत होतं.

मी दोन्ही घड्याळं उघडून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "एकाला वेळ कळते पण बोलता येत नाही," मी म्हटलं, "आणि एकाला बोलता येतं पण वेळ कळत नाही. दोघांचं मिळून एक चालेल. दोन नाही."

"मग यांचा बॅलन्स माझ्यात बसव," ताई म्हणाली.

"बाई, त्यापेक्षा तुमची हातोडी माझ्यात सोपी पडेल," लिफ्टवाले म्हणाले. "लहान आहे."

"लहान म्हणून काय झालं?"

"तेच म्हणतोय, तुम्हाला काय फरक पडतो?"

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. ते पुढच्या गुरुवारी आले. त्याच्या पुढच्याही. दर गुरुवारी दोघं काउंटरच्या दोन बाजूंना बसून आपापली बाजू मांडायची आणि मध्ये मी. ताईचं म्हणणं, तिने या घड्याळावर लोकांचे लांबचे फोन मोजले, तीन मिनिटं झाली की गुरगुर, किती भांडणं आणि किती प्रेमं त्या गुरगुरीने वेळेत थांबली. लिफ्टवाल्यांचं म्हणणं, त्यांनी याच घड्याळावर एकवीस लिफ्टच्या वंगणाच्या वेळा पाळल्या आणि हातोडी हरवल्यापासून त्यांना दुपारची झोप घ्यायची भीती वाटते, कारण उठवणारं कोणी नाही.

"तुमच्या घरी कुणी?" ताईने विचारलं.

"कुणी नाही. तुमच्या?"

"माझ्या घरी फार आहेत," ताईने माझ्याकडे बघत सांगितलं.

मी छापा-काटा करायला सांगितलं. नाणं वर गेलं, खाली आलं, घरंगळलं आणि माझ्या कपाटाखाली गेलं. ते कपाट हलवायला चार माणसं लागतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नाण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

सहाव्या गुरुवारी माझी बायको माझा डबा घेऊन आली होती. तिने पाच मिनिटं हा वाद ऐकला आणि वैतागून म्हणाली, "एकच बनवा की! एक दिवस वन्संनी घाला, एक दिवस यांनी घाला, आणि मला माझा रिकामा डबा द्या."

ती चिडून बोलली होती. पण दोघांनी माना वळवल्या आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पृथ्वी गोल असल्याचा शोध लावला होता.

"विषम तारखा माझ्या," ताई म्हणाली.

"सम माझ्या," लिफ्टवाले म्हणाले.

मी दोन दिवस खपलो. केस, म्हणजे बाहेरची डबी, कुणाची, डायल कुणाचा, पट्टा कुणाचा, यावर आणखी एक गुरुवार गेला असता, म्हणून मी विचारलंच नाही. ताईचं यंत्र, त्यात त्यांचा बॅलन्स, केस त्यांची, डायल ताईचा. पट्टा नवा. गजर लावला. आम्ही चौघं श्वास रोखून काउंटरवर वाकलो. घड्याळ गुरगुरलं, लाकडावर थरथरत गोल गोल फिरलं आणि काउंटरच्या कडेपर्यंत चालत गेलं. बायकोने ते हवेतल्या हवेत झेललं. ताईने टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाल्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या कोटाला वंगणाचा वास येत होता.

मग सुरू झाली रोजची देवघेव. सकाळी नऊला, मी दुकानाचं शटर उघडत असताना, एक जण मनगट पुढे करायचा आणि दुसरा पट्टा सोडायचा. सुरुवातीला दोन मिनिटांचं काम होतं. "काल दीड मिनिट पुढे गेलं." "बरं." मग त्यात कालचं गुरगुरणं आलं. ताईच्या हातावर ते वाचनालयात वाजलं आणि एक झोपलेला माणूस "मी जागाच आहे!" असं ओरडून उठला. त्यांच्या हातावर ते डॉक्टरकडे वाजलं, छाती तपासताना, आणि डॉक्टरच घाबरले. हे सगळं सांगता सांगता साडेनऊ व्हायचे, मग दहा. समोरच्या चहावाल्याने त्यांच्यासाठी एक बाकडं बाहेर काढून ठेवलं. गिऱ्हाइकं मला विचारू लागली, "आज कुणाचा दिवस?"

पहिली एकतीस तारीख आली तेव्हा भांडण झालं. लिफ्टवाले कॅलेंडर घेऊन आले. "एकतीस विषम. एक विषम. म्हणजे सलग दोन दिवस तुमचे. हा अन्याय आहे."

मी वाट पाहत होतो की ताई वकिली करणार. ताई कॅलेंडर निरखत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मग एकतीस तारीख दोघांची."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे घड्याळ एकाच्या हातात आणि दुसरा बरोबर."

त्या एकतीस तारखेला लिफ्टवाल्यांनी तिला त्यांच्या एकवीस लिफ्ट दाखवायला नेलं. सरकारी कचेरीतली, दवाखान्यातली, गोदामातली मालाची. प्रत्येकीत ते एकदा वर आणि एकदा खाली गेले. चौदाव्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये, घड्याळ गुरगुरलं. आत सूटबूटवाले सहा जण होते. ते सगळे भिंतीला चिकटले आणि एकाने जोडीदाराचा हात धरला. ताई आपल्या जुन्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणाली, "कृपया लाइनवर राहा." संध्याकाळी घरी येऊन हे सांगताना ती इतकी हसली की तिला खुर्चीत धड बसता येईना. त्रेसष्ट वर्षांची माझी ताई. मी तिला अशी हसताना लहानपणी एकदाच पाहिलं होतं, वडील चिखलात घसरून पडले तेव्हा.

असे चार महिने गेले. एक दिवस मला एका गिऱ्हाइकासाठी रबराची चकती हवी होती. ताई एका शिंपीणबाईकडे गुंड्यांचा डबा चाळायला गेली होती, म्हणून मी तिची पत्र्याची पेटी स्वतःच उघडली. तळाशी खोकल्याच्या गोळ्यांची डबी, आत कागदाची पुडी, पुडीवर ताईच्या ठसठशीत अक्षरात: २३०८, गजराची हातोडी, बॅलन्स, पूर्ण. आणि तारीख.

मी पुडी उघडली. गजराची हातोडी आणि कोरा करकरीत बॅलन्स. सात महिने ज्याच्यामागे ही बाई बसमधून, पत्रांमधून, खणांमधून धावली, तो माझ्या तळहातावर चमकत होता. आणि तारीख पाहिली तर चार महिन्यांपूर्वीची!

तुम्हाला सांगतो, घड्याळजीच्या हातात असा भाग आला की बोटं शिवशिवतात. मी पुडी खिशात घालून घरी पळालो आणि बायकोला दाखवली. तिने आधी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली.

"अगं, ताई विसरली असेल," मी म्हटलं.

"वन्सं?" उचकी. "विसरल्या?" उचकी. "तुम्हाला घड्याळाच्या पोटातलं सगळं दिसतं हो, पण..." पुढचं उचकीत गेलं. मग एकदम गंभीर होऊन बोट नाचवत म्हणाली, "खबरदार! कुणाला बोलाल तर. पुडी होती तिथे ठेवा."

मी दुकानात परत आलो आणि पुडी ठेवायला पेटीचं झाकण उघडतोय, तोच लिफ्टवाले दारात. त्यांची तारीख होती. गजर अर्ध्या मिनिटाने उशिरा होतो, ते दाखवायला आले होते.

मला खोटं बोलता येत नाही. माझा चेहरा म्हणजे डायल आहे, आत काय चाललंय ते सगळं बाहेर दिसतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"हातात काय आहे?"

"रबराची चकती," मी म्हटलं आणि घाम पुसायला हात वर केला. पुडी नेमकी त्यांच्या बुटांपाशी पडली.

त्यांनी ती उचलली. डोळ्यांपासून लांब धरून वाचली. आकडा वाचला, तारीख वाचली. मग स्टुलावर बसले.

"ही तारीख खरी आहे?"

"ताईचं अक्षर आहे. ती खोटी तारीख घालणार नाही."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे त्या एकतीस तारखेच्या आधीचा आठवडा. मी कॅलेंडर घेऊन भांडायला आलो तेव्हा हे त्यांच्याजवळ होतं. एका शब्दात भांडण मिटलं असतं. आपापलं घड्याळ घेऊन आपापल्या घरी."

"हो," मी म्हटलं. मला वाटलं, आता हा माणूस रागावणार. सरळ माणसं अशा वेळी फार रागावतात.

लिफ्टवाले उठले. टोपी माझ्या काउंटरवरच राहिली. "त्या कुठे आहेत?"

"शिंपीणबाईंकडे. पलीकडच्या गल्लीत. पण ऐका—"

ते ऐकायला थांबले नाहीत. पुढचं मी स्वतः पाहिलं नाही. शिंपीणबाई गेले कित्येक आठवडे येईल त्याला सांगते आहे, त्यावरून सांगतो. ताई जमिनीवर बसली होती, पुढ्यात हजारभर गुंड्या पसरलेल्या. लिफ्टवाले दारातून धापा टाकत आत आले आणि त्यांनी पुडी तिच्यासमोर धरली.

"बाई, तुम्ही मला फसवलंत."

ताईने पुडी पाहिली. कानापर्यंत लाल झाली, शिंपीणबाई म्हणते, आतल्या लाल दोऱ्याच्या रिळासारखी. पण मान खाली घातली नाही.

"हो. फसवलं."

"चार महिने."

"चार महिने आणि सहा दिवस."

"पुन्हा फसवाल?"

"संधी मिळाली तर नक्की."

त्यावर ते गुडघे मोडून खाली बसायला गेले. गुंड्यांवर बसल्यामुळे घसरले आणि उजव्या कुशीवर आडवेच झाले. तसेच आडवे असताना म्हणाले, "मग असं करू. लग्न करू. म्हणजे संधी रोज मिळेल."

शिंपीणबाईने त्याच क्षणी शिवणयंत्र थांबवलं. ताई म्हणाली, "आधी उठा. त्या गुंड्या वेगळ्या करायला मला दोन तास लागलेत." आणि मग, "हो."

मी तो बॅलन्स आणि ती हातोडी बसवली. दोन्ही घड्याळं चालू झाली. दोन्हींवर एकच गजर लावला, तर एक दुसऱ्याच्या सव्वा मिनिट आधी वाजतं. कुठलं बरोबर यावर त्यांचा वाद चालू आहे. मी दोन्ही नीट लावून देतो म्हटलं, तर दोघंही म्हणाले, राहू दे.

लग्न कचेरीत झालं, अकरा मिनिटांत. त्यानंतर ताईला तिच्या नव्या घरी पोचवायला आम्ही गेलो. लिफ्टवाल्यांचं घर सहाव्या मजल्यावर. ताईच्या ट्रंका तीन, त्यातल्या दोन सुट्या भागांच्या, शिशासारख्या जड. माझे डोळे सकाळपासून चुरचुरत होते. ताईने माझ्यापासून वेगळं कुठे राहावं, असं आमच्या आयुष्यात झालं नव्हतं. मी ठरवलं होतं की लिफ्टमध्ये तिला नीट काहीतरी बोलायचं.

आम्ही चौघं आणि तीन ट्रंका, सगळे एकदम आत शिरलो. लिफ्ट दोन मजले गेली, तीन गेली, चौथ्याच्या वर कण्हली आणि थांबली.

"वजन जास्त झालं," लिफ्टवाले म्हणाले. त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो कचेरीतही मी पाहिला नव्हता. त्यांनी कोट काढून ताईकडे दिला, बाह्या सरसावल्या आणि दाराच्या फटीतून खाली पहारेकऱ्याला सूचना ओरडायला सुरुवात केली. तांबडी कळ दाबू नकोस, वरच्या खोलीत जा, चाक डावीकडे फिरव. पहारेकरी वर गेला आणि तिथून विचारू लागला, "कुणाचं डावं?"

ताई ट्रंकेवर बसली. बायकोला हसून हसून पुन्हा उचकी लागली. मी बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. ताईने मला खूण करून शेजारी जागा दिली.

"काय रे, काही म्हणणार होतास?"

"विसरलो."

"आठवेल," ती म्हणाली. "अर्धा तास तरी आपण इथेच आहोत. यांना घाई नाही."

लिफ्ट एक वीत वर सरकली आणि पुन्हा थांबली. लिफ्टवाले फटीतून ओरडले, "शाब्बास! आता दुसरीकडे!"